दगडी कोळशाची बंद शेगडी बसवायची आहे, धुराची नळी कशी जोडावी? (लष्कर, ग्वाल्हेर)

लष्करवासी
नमस्कार मंडळी. थंडीच्या आत आई-बाबांच्या खोलीत बिडाची बंद शेगडी बसवायची आहे. समोर दोन दारं, खाली राखेचा खण, वरच्या बाजूला नळी जोडायचा ६ इंची गळा. कोळसा दगडी.

खोली जुन्या वाड्याच्या एकमजली भागात आहे. १२ बाय १४ फूट, उंची ११ फूट. भिंती दगडी, दीड फूट जाड. वर लाकडी कड्या, त्यांवर दगडी पटिया, आणि त्यावर थेट गच्ची. पूर्वेच्या भिंतीला खिडकी आहे.

सध्याचा बेत असा: घरात ४ इंची जीआय पाईप पडून आहे. गळ्यावर रिड्यूसर लावून तो पाईप आडवा खिडकीपर्यंत न्यायचा, एक काच काढून तिथे पत्रा बसवायचा आणि पत्र्यातून पाईप फूटभर बाहेर काढायचा. सांध्यांना एम-सील. चालेल का? चुकत असेल तर स्पष्ट सांगा, वडिलधारी माणसं त्या खोलीत झोपतात.

पत्रेकाम
नाही चालणार. एकेक कारण सांगतो, म्हणजे पत्रेवाल्यासमोर उभं राहिल्यावर तुम्हालाच उत्तर देता येईल.

४ इंची नळीचं तोंड साधारण साडेबारा चौरस इंच, ६ इंचीचं सव्वाअठ्ठावीस. म्हणजे शेगडीला जेवढी वाट हवी त्याच्या निम्मीही उरत नाही. नळी गळ्यापेक्षा कधीही लहान करायची नसते. अडलेला धूर दारातून आणि सांध्यांतून खोलीत येतो.

जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा. शेगडीजवळ नळी इतकी तापते की जस्ताचा थर टिकत नाही, आणि त्याची वाफ श्वासात जाणं वाईट. आतल्या भागात काळा पत्राच हवा, २२ गेज, म्हणजे सुमारे ०.७ मिमी. गेजचा आकडा लहान तेवढा पत्रा जाड, म्हणून २० गेज मिळाला तर आणखी बरं. २६ गेजचा पत्रा दुकानदार स्वस्त म्हणून पुढे करेल, कोळशाच्या धुरात तो फार टिकत नाही.

एम-सील हे इपॉक्सी. गरम नळीवर ते जळतं, वास मारतं आणि गळून पडतं. सांधा स्क्रूने धरायचा आणि फट फायर सिमेंटने, म्हणजे आगीची उष्णता सोसणाऱ्या सिमेंटने, भरायची.

राहिली खिडकी. नळी भिंतीबाहेर फूटभर काढून सोडली तर तिला उंची मिळतच नाही. धुराला वर ओढून नेते ती नळीतली उभी गरम हवा. पूर्वेचा वारा आला की धूर थेट परत खोलीत.

मुरारवाली
पत्रेकामकाकांना दुजोरा. आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी: कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असं कोळशाच्या बाबतीत कधीच समजू नका. निखारे लालबुंद, धूर शून्य, तेव्हाही हा वायू भरपूर तयार होत असतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी तसं होणं ही खूण. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ती ‘थंडीने डोकं धरलंय’ म्हणून सोडून दिली जाते.

अलार्म घ्याच, आणि तो कार्बन मोनॉक्साइडचा असू दे. धुराचा अलार्म वेगळा, तो इथे उपयोगी नाही. शेगडीपासून १ ते ३ मीटर अंतरावर, पलंगाच्या बाजूला, झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीला लावा. पडद्यामागे किंवा कपाटावर नको. ‘ईएन ५०२९१’ (युरोपीय मानक) असं लिहिलेला अलार्म ५० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असताना, तासा-दीड तासात वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत. वाजला तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, दारं उघडी टाकायची. शेगडी विझवत बसायचं नाही. कोणाला त्रास होत असेल तर १०८.

लष्करवासी
धन्यवाद काका, ताई. खिडकीचा बेत रद्द. मग सरळ वर गच्चीतून काढू का? एक पटिया फोडावी लागेल.

गच्चीवरून
गच्चीतून नको, त्यापेक्षा भिंतीतून काढा. तुमच्याकडे लाकडी कड्या आहेत. एकेरी पत्र्याच्या नळीपासून जळणारी कोणतीही वस्तू १८ इंच लांब हवी. जुन्या वाड्यांत दोन कड्यांमधलं अंतर बहुधा दीड-दोन फुटांचं, म्हणजे नळी बरोबर मधोमध काढली तरी १८ इंच मिळणं कठीण. शिवाय पटियाला एका जागी भोक पाडलं की ती तिथूनच तडकते, आणि पावसाळ्यात गळतीचं कायमचं दुखणं मागे लागतं.

तुमची भिंत दगडाची आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. फक्त भोक पाडण्याआधी तिथे आत लाकूड नाही ना, ते बघा. खिडकीवरचा आडवा टेकू, कोनाड्यावरची फळी, भिंतीत दडवलेली जुनी खुंटी, हे सगळं प्लास्टरखाली लपलेलं असतं. टकटक करून आवाज ऐका, शंका वाटली तर बारीक ड्रिलने तीन-चार ठिकाणी तपासा. भुगा पांढरा निघाला तर दगड-चुना, तपकिरी आणि तंतुमय निघाला तर लाकूड. तसं असेल तर जागा बदला.

पत्रेकाम
बरोबर. मार्ग असा ठेवा.

शेगडीचा गळा जमिनीपासून अडीच फुटांवर धरतो. तिथून नळी सरळ ५ फूट वर, म्हणजे साडेसात फुटांवर. कड्या त्याहून साडेतीन फूट वर राहतात, १८ इंचांचा प्रश्नच उरत नाही. तिथे एक कोपर. मग आडवी नळी भिंतीतून बाहेर, बाहेर टी (तीन तोंडांचा जोड), आणि टीवरून उभं धुराडं गच्चीच्या कठड्याच्या वर.

आडव्या भागाला चढ हवाच. फुटाला पाव इंच. उभ्या नळीचा मध्य भिंतीपासून फूटभर, भिंत दीड फूट, बाहेर अर्धा फूट, मिळून ३ फूट. म्हणजे टीकडचं टोक पाऊण इंच वर. डोळ्याने नाही, पाणसळ लावून. काळ्या पत्र्याच्या नळीचा लांबीतला सांधा लॉक सीमचा, म्हणजे कडा एकमेकींत दुमडून अडकवलेला, असतो, आडव्या भागात ती सीम वरच्या बाजूला फिरवून ठेवा, खाली असली की पाझरते.

कोपर एकच. टी मिळून धुराला दोन वळणं झाली, त्याहून जास्त नको. आडवा भागही आणखी लांबवू नका. कोळशाच्या धुराबरोबर उडणारी बारीक राख आडव्या नळीत तळाला साचते आणि वाट निम्मी करते. लाकडाच्या धुरापेक्षा कोळशात हा त्रास खूप जास्त, कारण आपल्या देशी कोळशात राखच ३० ते ४५ टक्के.

पत्रा किती लागेल तेही लिहितो. ६ इंची नळीचा घेर पावणेएकोणीस इंचांच्या वर, लॉक सीमसाठी इंचभर धरून पावणेवीस. ८ बाय ४ च्या एका पत्र्यातून ४ फुटी चार नळ्या निघतात आणि १७ इंचांची पट्टी उरते. २२ गेजचा असा पत्रा साडेसोळा किलोच्या आसपास भरतो. लोहिया बाजारात वजनावर घेताना हा आकडा लक्षात ठेवा. १४ किलो भरला तर पत्रा पातळ आहे.

चौकसोपा
सांध्यांबद्दल विचारायचं आहे. नळीचं एक टोक चुण्या पाडून बारीक केलेलं असतं, ते दुसऱ्या नळीत शिरतं. आमच्याकडचे पत्रेवाले बारीक टोक वर ठेवतात, म्हणजे वरची नळी खालचीवर टोपीसारखी बसते. म्हणतात, धूर वर जातो, त्याला फट समोर दिसायला नको. इंटरनेटवर उलटं लिहिलंय. खरं काय?

धुराडे
चुणीचं टोक खाली, शेगडीकडे. हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रेवाल्याचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं, कारण आपण धुराला पाण्यासारखं समजतो, नळातल्या पाण्यासारखा तो फट शोधेल असं. पण चालू धुराड्यात नळीच्या आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो. फट असली तर तिथून खोलीतली हवा आत ओढली जाते, धूर बाहेर येत नाही. चुणी वर असो की खाली, ओढ (धूर वर खेचणारा हा जोर) चांगली असेल तर सांध्यातून धूर येणारच नाही. आणि ओढच नसेल तर चुणी कुठेही ठेवा, धूर येणारच.

आता नळीतून खाली काय येतं ते बघा. रात्री शेगडी मंद झाली की धुरातली वाफ वरच्या थंड भागात निवते आणि काळं पाणी खाली ओघळतं. कोळशात गंधक असतो, त्यामुळे हे पाणी आम्लधर्मी. त्याबरोबर सुटी राख आणि काजळीच्या पापड्या. चुणीचं टोक खाली असेल, तर वरच्या नळीतून ओघळणारं पाणी खालच्या नळीच्या आतच पडतं आणि शेवटी शेगडीत जळून जातं. चुणी वर असेल तर तेच पाणी सांध्याच्या कडेने नळीच्या बाहेर येतं. काळे ओघळ, उग्र वास, आणि दोन हिवाळ्यांत सांध्याच्या कडेला गंजाची भोकं.

स्वतः तपासायचं असेल तर उदबत्ती घ्या. शेगडी नीट पेटल्यावर, नळी हात लावणार नाही इतकी तापल्यावर, पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ बोटभर अंतरावर धरून गोल फिरवा. धुराची रेघ सांध्याकडे वाकली, फटीत शिरली, तर आत ओढ आहे. रेघ सरळ वर गेली तर फट नाही. रेघ सांध्यापासून दूर ढकलली गेली, तर तिथून हवा बाहेर येतेय. तेव्हा दार-खिडक्या उघडा, शेगडीत कोळसा घालणं थांबवा, आणि आधी कारण शोधा. फायर सिमेंट थापून ही गोष्ट झाकायची नाही.

पत्रेकाम
उदबत्तीची युक्ती उत्तम. सांध्याचं माप सांगतो. एक नळी दुसरीत किमान सव्वा इंच शिरायला हवी. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, समान अंतरावर. ८ नंबरचे, अर्धा इंची, स्वतः आटे पाडणारे, षट्कोनी डोक्याचे. आधी ३ मिमीचं भोक पाडून घ्या. रिव्हेट नको, साफसफाईसाठी दरवर्षी नळी उतरवायची असते.

गळ्यापाशीही तीन स्क्रू लागतात. तिथे बीड आहे, ते ठिसूळ. ड्रिल हळू चालवा, हॅमर मोडवर अजिबात नाही, हातोडीने ठोकून बसवायचं तर मुळीच नाही. गळ्यात नळी आत शिरते, गळ्यावरून चढत नाही. उरलेली फट फायर सिमेंटने भरा आणि एक दिवस सुकू द्या.

आतले सांधे पाच: गळा, उभ्या दोन नळ्यांमधला, कोपराचे दोन, टीचा एक. पंधरा स्क्रू. बाहेर तीन सांधे धरले तर आणखी नऊ. चाळीसचं पाकीट घ्या.

गच्चीवरून
भिंतीतल्या भोकाचं राहिलं. ६ इंची नळीला ८ इंची लोखंडी बाही घाला. बाही भिंतीत चुना-सिमेंटने पक्की करा, पण नळी मात्र बाहीत मोकळी राहिली पाहिजे. मधल्या इंचभर जागेत सिरॅमिक वूल (उष्णता सोसणारा, लोकरीसारखा तंतू) सैलसर भरा आणि खोलीच्या बाजूने पत्र्याची कडी लावा.

नळी भिंतीत सिमेंटने घट्ट बसवणं ही गवंड्यांची नेहमीची चूक. लोखंड तापलं की वाढतं. ३ मीटर नळी २५० अंशांनी तापली तर सुमारे ९ मिमी लांबते. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर ते ९ मिमी कुठेतरी जायला हवेत. मग स्क्रूची भोकं लांबट होतात, सांधे ढिले पडतात किंवा दगडाच्या सांध्यात चीर जाते.

आणखी एक, आडव्या नळीचं टोक टीच्या आत घुसून मधल्या वाटेत यायला नको. कडेशी बरोबर थांबवा. आत घुसलेलं टोक धुराची वाट अडवतं आणि बाहेरून ते कधीच दिसत नाही.

लष्करवासी
सगळं लिहून घेतोय. बाहेरचं उभं धुराडंही काळ्या पत्र्याचं चालेल ना? आणि एकाने एसी पाईप सुचवला, सिमेंटचा, फार स्वस्त पडतो म्हणे.

धुराडे
दोन्ही नको. एसी पाईप म्हणजे अॅस्बेस्टॉस सिमेंट. अचानक तापला की तडकतो, कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक. पाण्याचा पाईप तो, धुराचा नाही. पीव्हीसीचं तर नावच नको.

काळा पत्रा बाहेर पावसात गंजतो हा एक भाग झाला. त्याहून मोठा मुद्दा ओढीचा. ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट धरा, बाहेर ८ अंश. गळ्यापासून टोकापर्यंत उंची साडेचार मीटर. नळीतल्या धुराचं सरासरी तापमान १५० अंश राहिलं तर ओढ सुमारे १८ पास्कल बसते. म्हणजे १.९ मिमी उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. तोच धूर उघड्या पत्र्यातून जाताना ६० अंशांवर आला तर ओढ ९ पास्कलच्या खाली, निम्म्याहून कमी. कोळशाच्या शेगडीला साधारण १ ते दीड मिमी लागतो. म्हणजे बाहेरचं धुराडं गार पडलं की पहाटे, सगळे गाढ झोपेत असताना, ओढ गरजेच्या खाली उतरते.

म्हणून बाहेर दुहेरी नळी. आत ६ इंची स्टेनलेस, बाहेर ८ इंची, मध्ये २५ मिमी सिरॅमिक वूलची पट्टी, घनमीटरला १२८ किलो घनतेची. आतली ३१६ ग्रेडची मिळाली तर घ्या. गंधकाच्या पाण्यापुढे ३०४ ला लवकर खड्डे पडतात. बाहेरचं कवच ३०४ चालेल.

टीच्या खालच्या तोंडाला काढता येईल असं झाकण. राख तिथे पडते. पहिला महिना दर पंधरवड्याला उघडून बघा, मग अंदाज येईल. झाकण घट्ट बसायला हवं, सैल असलं तर ओढ तिथूनच फुकट जाते.

गच्चीवरून
उंचीचा नियम: गच्चीच्या पातळीपासून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या परिघात जे काही उंच असेल त्याच्याहून २ फूट वर. कठडा ३ फुटी असेल तर गच्चीपासून ५ फूट. लष्करवासी, गच्चीवर जिन्याची खोली किंवा पाण्याची टाकी आहे का?

लष्करवासी
आहे. जिन्याची खोली, ७ फूट उंच. ठरवलेल्या भोकापासून ८ फुटांवर.

गच्चीवरून
मग त्या जागी धुराडं गच्चीपासून ९ फूट न्यावं लागेल. तसं केलं नाही तर वारा जिन्याच्या खोलीवरून खाली उतरतो आणि धूर धुराड्यात परत दाबतो. वारा असतानाच शेगडी धुरावते, बाकी दिवशी ठीक चालते, अशी तक्रार आली की नव्वद टक्के हेच कारण.

शेगडी ४ फूट दक्षिणेकडे सरकवता येईल का? भोक १२ फुटांवर गेलं की ९ च्या जागी ५ फुटांत भागतं. जमिनीपासून मोजलं तर टोक १७ फुटांवर, आणि टीवरून दुहेरी नळी साडेनऊ-दहा फूट. ती अशी धरायची: एक पट्टी भिंतीला टीच्या खाली, जी सगळं वजन पेलेल, आणि एक कठड्याला. ही वरची पट्टी नळी फक्त सावरण्यासाठी, आवळू नका.

टोपीबद्दल: टोपी आणि नळीच्या तोंडात ६ इंच मोकळं ठेवा. बारीक जाळी लावू नका, काजळीने महिन्यात बंद होते. आपल्याकडे माकडं गच्चीवर येतात आणि धुराड्याला धरून झुलतात. त्यासाठी जाळी नाही, पट्ट्या मजबूत हव्यात.

लष्करवासी
सरकवता येईल. तिथे फक्त कपाट आहे, लाकडी. ते नळीपासून १५ इंचांवर येईल.

पत्रेकाम
१५ पुरत नाही. कपाट हलवता येत असेल तर सरळ हलवा. नसेल तर उरलेल्या पत्र्याची ढाल करा. कपाट आणि नळीच्या मध्ये २४ गेज किंवा जाड पत्रा, कपाटापासून इंचभर सुटा, वरून-खालून हवा फिरेल असा. मधल्या कप्प्यातून हवा वाहते म्हणून अशा ढालीने १८ इंच ६ वर येतात. पत्रा कपाटाला चिकटवून ठोकला तर काही उपयोग नाही, उष्णता तशीच आरपार जाते. पडद्यांनाही १८ इंच. शेगडीचं अंतर मात्र नळीपेक्षा जास्त, लाकडापासून ३ फूट.

चौकसोपा
नळीत झडप बसवावी का? रात्री झडप बंद केली की निखारे सकाळपर्यंत टिकतात.

मुरारवाली
दादा, हे करू नका, कृपया. निखारे टिकतात ते हवा कमी मिळाल्यामुळे, आणि अशा मंद निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त निघतो. वर झडप बंद म्हणजे त्याची बाहेर जायची वाट बंद, आणि खोलीत माणसं झोपलेली.

धुराडे
ताईंशी सहमत. आग कमी-जास्त करायची ती खालच्या हवेच्या खिडकीने, वरच्या झडपेने नाही. खालून हवा कमी केली तर आग मंदावते, पण धुराची वाट उघडीच राहते. ओढ फार जास्त होऊन कोळसा झपाझप जळत असेल आणि झडप लावायचीच असेल, तर पाती नळीपेक्षा मुद्दाम लहान हवी. पूर्ण फिरवली तरी चौथा भाग उघडा राहिला पाहिजे.

याच संदर्भात नवा कोळसा घालण्याबद्दल. दगडी कोळशात उडणारे वायू भरपूर असतात. निखाऱ्यांवर एकदम भरगच्च कोळसा घातला तर आग झाकली जाते, वायू साचतात, आणि थोड्या वेळाने ज्वाळा वर आली की एका फटक्यात पेटतात. दार उघडतं, नळीचे सांधे हलतात, कधी निसटतात. तीन स्क्रूंचं महत्त्व इथे कळतं. उपाय सोपा: निखारे मागे ओढून घ्या, नवा कोळसा पुढच्या अर्ध्यावर घाला, मागे लाल निखारे उघडे दिसत राहू द्या. घालण्याआधी खालची हवा दोन मिनिटं पूर्ण उघडा, आणि दार आधी बोटभर उघडून थांबा, मग पूर्ण. कोळसा घातल्यावर दाराची वरची हवा थोडी उघडी ठेवा, निळ्या ज्वाळा नाचू लागल्या की वायू जळताहेत असं समजा.

उष्मागती
हवा आत कुठून येणार, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. १ किलो कोळसा नीट जळायला, जास्तीची हवा धरून, सुमारे १० घनमीटर हवा लागते. तुमची खोली ५२ घनमीटरची. तासाला किलोभर जाळला तर पाच तासांत खोलीभर हवा शेगडीतून निघून जाते, आणि तेवढीच आत यायला हवी. जुन्या दारांच्या फटींतून येते खरी, पण थंडीत आपण दाराखाली गोधडी कोंबतो, खिडकीला कागद चिकटवतो. मग हवा धुराड्यातून उलटी खाली येऊ लागते.

शेगडीच्या मागच्या भिंतीत, जमिनीलगत, ४ इंची भोक पाडून त्याला जाळी लावा. उंदीर येणार नाहीत अशी, पण बंद करता येणार नाही अशी. बंद करता आली तर थंडीत कोणीतरी बंद करणारच.

शेजारी स्वयंपाकघर असेल तर तिथली चिमणी तासाला हजार घनमीटर हवा ओढते असं डब्यावर लिहिलेलं असतं. तिच्यापुढे शेगडीची ओढ काहीच नाही. चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू असताना मधलं दार बंद आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी हवी. आणि शेगडीची नळी त्या चिमणीच्या पाईपात कधीही जोडू नका.

मुरारवाली
बंबासाठीही हेच. न्हाणीघरात बंब पेटवून दार लावून आंघोळ करायची सवय अजून बऱ्याच घरांत आहे. निखारे तेच, वायू तोच, खोली मात्र चौथ्या हिश्श्याची. बंब बाहेर पेटवावा आणि पाणी आत न्यावं.

शिवाय एक विनंती. ग्वाल्हेर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे. दगडी कोळसा जाळण्यावर सध्या काही बंदी आहे का, हे खर्च करण्याआधी महापालिकेत विचारून घ्या. नळीचं बांधकाम लाकडासाठीही हेच राहील.

लष्करवासी
विचारतो ताई. स्वयंपाकघर चौकापलीकडे आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. पहिल्यांदा पेटवताना काय काळजी घ्यायची?

पत्रेकाम
पहिला जाळ खोलीत नको. शेगडी चौकात ठेवा, ४ फुटी एक नळी वर लावा, थोड्या लाकडांनी तासभर तापवा. शेगडीवरचा रंग आणि पत्र्यावरचं तेल जळून जाऊ द्या. वास फार येतो आणि तो श्वासात जाऊ नये. मग गार करून आत बसवा.

बसवल्यावर सांध्यांतलं फायर सिमेंट लहान जाळावर वाळवा, एकदम कडक आग लावली तर त्याला फोड येतात. पहाटे धुराडं गार असेल तर पेटवण्याआधी टीच्या झाकणातून वर्तमानपत्राची एक घडी पेटवून वर जाऊ द्या, झाकण लावा, मग शेगडी पेटवा. नळीत साचलेली थंड हवा एकदा वर ढकलली गेली की ओढ लगेच लागते. धुकं दाट असेल त्या दिवशी हे चुकवू नका.

राख काढताना पत्र्याची झाकणाची बादली. दोन दिवसांच्या राखेतही निखारे जिवंत असतात, बादली खोलीत ठेवली तर वायू खोलीतच सुटतो. चौकात ठेवा.

धुराडे
आणि होळीनंतर, शेगडी बंद झाली की आठवड्याच्या आत नळी उतरवा. पावसाळ्यावर टाकू नका. कोळशाची राख ओल ओढून घेते, गंधकाचं आम्ल तयार होतं आणि बंद पडलेली नळी हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यातच जास्त गंजते. ६ इंची गोल ब्रश आतून फिरवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळवून तेलाचा हात द्या. धुराड्याच्या टोकाला घागरीसारखं झाकण, आणि शेगडीच्या दाराला दोऱ्याने चिठ्ठी: ‘वरचं झाकण काढल्याशिवाय पेटवू नये’. नळी परत लावताना प्रत्येक तुकडा बोटाने दाबून बघा. कुठे पत्रा आत दबला, कागदासारखा वाटला, तर तो तुकडा बदला.

लष्करवासी
उद्या पत्रेवाल्याकडे जातो. यादी बरोबर आहे का बघा: २२ गेज काळा पत्रा ८ बाय ४ एक, कोपर एक, टी झाकणासह एक, दुहेरी स्टेनलेस १० फूट, आतली ३१६, टोपी, ८ इंची बाही दीड फूट, सिरॅमिक वूल, फायर सिमेंट, स्क्रू ४०, पट्ट्या दोन, अलार्म एक.

पत्रेकाम
बाही दीड फूट नाही, १९ इंच घ्या, प्लास्टरची जाडी धरून. आणि अलार्म दोन. आई-बाबांच्या खोलीला लागून जी खोली असेल तिथेही एक.